एक एस राहिला

— नाही रे, मुद्दाम नाही वाचलं मी. तू फोन असा माझ्या नाकासमोर धरलायस आणि अक्षरं केवढी ती, मला चष्म्याशिवायसुद्धा दिसली. आणि दिसली की राहवत नाही, हा माझा जुना रोग. खाली काय लिहिलंस? ‘बेस्ट रिगार्ड’. एकच? त्या साहेबाकडे बोटीवरची नोकरी मागतोयस आणि त्याला मोजून एक रिगार्ड पाठवतोयस? एस लाव, एस. रिगार्ड्स. हां. आणि वर ते ‘मेनी थँक’ — मेनी म्हणायचं आणि थँक एकच द्यायचा! कोकणी माणूस चिकट असतो म्हणतात, पण इतका नसावा बाबा. तिथेही लाव. आणि ‘ऑल माय इन्फॉर्मेशन्स’ — तिथला काढ. हो, काढ. जिथे हवा तिथे नाही आणि जिथे नको तिथे आहे — तुझ्या एसचं आपल्या एसटीसारखं झालंय, थांब्यावर थांबत नाही आणि भलत्याच वळणावर उभी राहते. हसतोस काय? ‘थ्री इयर एक्स्पिरियन्स’ हेही तूच लिहिलंयस. तीन वर्षं काढलीस ना जयगडला फेरीबोटीवर? मग इयर्स कर की त्याचं. मराठीत ‘वर्षं’ म्हणताना डोक्यावर टिंब देतोस, तसाच तिथे एस द्यायचा. टिंब देत नाहीस? शाळा कुठली रे तुझी?

हेदवी. अगो बाई, दशभुजा गणपतीच्या गावचा! मग त्याला दहा हात आहेत ते तरी नीट सांगतोस की ‘टेन हँड’ म्हणतोस? बरं बरं, चेष्टा केली. विनीत नाव ना तुझं? मेलच्या खाली वाचलं. मी यमुनाबाई. गुहागर गाडीला अजून वेळ आहे, मी मघाशीच विचारून आले खिडकीवर. माझी? मला कुठे जायचं नाहीये. लांज्याकडून गाडी यायची आहे, तिच्यातून एक माणूस उतरायचंय. म्हणून बसलेय. साडेनऊपासून. म्हटलं लवकर आली तर चुकामूक नको.

मास्तरीण? छे रे, सगळ्यांना तसंच वाटतं. मी तार ऑफिसात होते. तार म्हणजे काय ठाऊक आहे का तुला? ऐकलंयस फक्त. अडतीस वर्षं मी कट्ट कडकट्ट केलं, या रत्नागिरीतली अर्धी लग्नं आणि बरीचशी मरणं माझ्या या बोटांखालून गेली. मुंबईला गेलेल्याला बाप गेल्याचं कळायचं ते माझ्याकडून, आणि दर्यावरून आलेला माणूस मुंबईत उतरला हे त्याच्या बायकोला कळायचं तेही माझ्याकडून. शब्दाला पैसे पडायचे, म्हणून लोक शब्द असे कापत, असे कापत की विचारू नकोस — पण एस फुकट होता. ‘विश’ला जेवढे पडत तेवढेच ‘विशेस’ला. त्यामुळे मी कुणाला एस खाऊ दिला नाही. आणि एक सांगू का, तिथे बसून बसून माझ्या लक्षात आलं की साहेब माया करतो ती सगळी अनेकवचनात. ग्रीटिंग्ज, विशेस, थँक्स, रिगार्ड्स, काँग्रॅच्युलेशन्स — माणूस मेलं तरी कंडोलन्सेस. एकदा देऊन भागतच नाही त्याचं. आपलं बघ, अभिनंदन एकदाच, केलं आणि झालं मोकळं. हां, आभार मात्र अनेकवचनी — आभार मानले म्हणतो आपण, आभार मानला नाही म्हणत. म्हणतोस? तू म्हणत असशील बाबा.

हे माझं नाही खरं म्हणजे. हे तुळसाने काढलेलं, आभाराचं. तुळसा म्हणजे आमच्या ऑफिसातली शिपाई. तिचा नवरा लाइनमन होता आमच्याच खात्यात, खांबावरून पडला आणि गेला. पदरात दोन मुली, म्हणून त्याच्या जागेवर हिला लावून घेतलं. लांज्याजवळच्या एका वाडीतली, कुणब्याची पोर, सही म्हणून अंगठा. पहिल्या दिवशी आली तेव्हा माझ्या टेबलाशी उभी राहून मशीनकडे अशी बघत होती जसं काही आत कुणी बसलंय. मला म्हणाली, बाई, त्यांच्या मरणाची तार तुम्हीच धाडलीत ना ओ आमच्या दिराला? मी म्हटलं, हो. तर म्हणाली, काय लिवलं होतंत ते मला वाचायला शिकवा. — आता याला काय म्हणशील? नाही म्हणायची सोय होती का?

मग काय, रोज दुपारी डबा झाला की अर्धा तास. आधी मराठी, मग इंग्रजी. हुशार म्हणजे इतकी की मलाच घाम फोडायची. एसला ती गांडूळ म्हणायची. ‘बाई, या शब्दाच्या ढुंगणाला गांडूळ हाय का नाय?’ — सगळं ऑफिस हसायचं. आणि प्रश्न काय एकेक! म्हणे, बाई, आपण म्हणतो केस कापले, डोकीवर चिकार असतात म्हणून, आणि साहेब म्हणतो हेअर, एकच — मग टकल्याला काय म्हणतो? म्हणे, पैसे आपले अनेक आणि त्यांची मनी एक, म्हणूनच त्यांच्याकडे जमतात नि आपल्याकडे पांगतात. मासळीवर तर तिने मला आठवडाभर छळलं. वन फिश, टू फिश. ‘असं कसं बाई? मिरकरवाड्यात जाऊन कोळणीला सांगा, दोन बांगडे आणि एक बांगडा सारखाच म्हणून. ती कोयता काढील.’ मी रागवायचे — खोटं खोटं. खरं सांगायचं तर त्या अर्ध्या तासासाठी मी घरून आमटी जास्त आणायचे.

मी आधी निवृत्त झाले, ती मागाहून. ती गेली गावाला, मी इथे टिळक आळीत. पण जाणं-येणं होतं हं. आमचे हे गेले तेव्हा तेरा दिवस ती माझ्याकडे राहिली. माझा मुलगा बंगळूरहून आला आणि पाचव्या दिवशी गेला, त्याला रजा नव्हती, त्याचं काही नाही. ही राहिली. रोज सकाळी मला म्हणायची, बाई, उठा, केस विंचरा, अनेक आहेत तोवर. — थांब, ती कुठली गाडी लागली? पावस. नाही, ती नाही.

तर काय सांगत होते? हां, फजिती. फजितीच म्हणायची. आठ मार्चला लांज्याला बचत गटांचा मेळावा होता, काजू सोलणाऱ्या बायकांचा हिचा गट पहिला आला तालुक्यात आणि ही त्याची अध्यक्ष. मला म्हणाली, बाई, तुम्ही यायचंच, पहिल्या रांगेत बसायचं. गेले. आमच्या वन्सं आल्या होत्या पुण्याहून राहायला, त्या म्हणाल्या मीही येते, कॉलेजात प्रिन्सिपॉल होत्या ना त्या, त्यांना असल्या ठिकाणी पुढे बसायची सवय. बसलो दोघी. पाहुणे एक साहेब होते मोठे, नाव नाही घेत, त्यांनी इंग्रजीत भाषण ठोकलं — ‘ऑल द वुमेन्स हॅव डन हार्ड वर्क्स’ — दोन्ही एस मी मनातल्या मनात खोडले! पण बसले गप्प. मग तुळसा उठली. नवी हिरवी साडी, हातात कागद. मराठीत बोलली चांगली, काजूवर बोलली, बायकांना हसवलंन. आणि मग म्हणते, ‘आता दोन शब्द इंग्रजीत बोलतंय हां.’ टाळ्या. माझ्याकडे बघितलंन आणि म्हणाली, ‘यमुनाबाई इज वन ऑफ माय बेस्ट फ्रेंड.’

आणि मी — मी ओरडले, ‘फ्रेंड्स!’

मोठ्याने रे. तो शेवटचा एस तर असा फुसकारला की माइक नसून मागल्या बाईपर्यंत गेला. तूच सांग, बरोबर काय? वन ऑफ म्हटलं की पुढे अनेकवचन हवंच ना? टोपलीतल्या आंब्यांपैकी एक आंबा — टोपलीतल्या आंब्यापैकी एक आंबा होईल का? नाही ना? मग! माझं काय चुकलं? व्याकरणात काही चुकलं नाही. सगळा मंडप हसला. वाईट नाही हसले, आपले गमतीने हसले, बाईंची जुनी विद्यार्थिनी म्हणून. ती थांबली. माझ्याकडे बघितलंन. म्हणाली, ‘येस बाई. वन ऑफ माय बेस्ट फ्रेंड्स.’ अगदी स्वच्छ. मग कागदाची घडी घातलीन, कागदावर अजून पुष्कळ लिहिलेलं होतं हे मला खालून दिसत होतं, आणि जय हिंद, जय महाराष्ट्र म्हणून खाली बसली.

काय? साहेबाला का नाही टोकलं? — अरे, तो साहेब. पाहुणा. पाहुण्याला कसं टोकणार भर सभेत? काहीतरीच विचारतोस. तू तुझी मेल बघ. ‘डॉक्युमेंट’ला एस लावलास का? सात जोडलेयस ना? मग लाव.

तर भाषणं संपली. जेवायला तिनेच वाढलं मला, आग्रह करकरून. मी आपली खूश. परत येताना गाडीत वन्सं म्हणाल्या, ‘बरं झालं हो तुम्ही सांगितलंत’ — त्यांना काय बरं वाटलं कोण जाणे. मग आठ दिवसांनी मी फोन केला, तर पलीकडून, ‘बोला मॅडम.’ मला वाटलं दुसऱ्याच कुणी उचलला. म्हटलं, तुळसा? ‘होय मॅडम. बरी आहे मॅडम.’ अरे, चाळीसच्या वर वर्षं ती मला बाई म्हणतेय. बाई म्हणजे — कसं सांगू तुला — बाई म्हणताना ती आत आलेली असायची. मॅडम म्हटलं की दार लावलं. त्यात बोलायला जागाच नाही, काय म्हणणार तू, मॅडम का म्हणतेस म्हणून विचारणार?

मे महिन्यात गेले मी तिच्याकडे. आंब्यांची पेटी घेऊन — लांज्याला आंबे घेऊन जायचे, समुद्राला मीठ! दुसरं काही सुचलं नाही. बसवलंन, पंखा लावलान, चहा दिलान. कशात? कपबशीत. सोनेरी काठाची, पाहुण्यांची, कपाटातली काढून, पुसून. एरवी मी गेले की स्वयंपाकघरात चुलीपाशीच बसायचो, स्टीलच्या पेल्यात चहा, तिचा पेला चेपलेला, तो मी मुद्दाम घ्यायचे. आता ती समोर उभी आणि मी कपबशी घेऊन बाहेरच्या खुर्चीत. पाऊण तास बसले. पावसाचं बोललो, काजूच्या भावाचं बोललो. निघाले. दारापर्यंत पोचवायला आली, ‘सावकाश जा मॅडम.’

तुला कंटाळा येतोय का? येत असेल तर सांग — नाही म्हणालास तरी मी सांगणारच आहे, आता अर्ध्यावर आलेय.

तिची नात आहे शमिका, इथे नर्सिंगला आहे. ती आली माझ्याकडे गेल्या महिन्यात. एक कागद दिलान हातात. म्हणाली, आजीने रद्दीत टाकला होता, मी उचलून ठेवला. तोच. भाषणाचा. मराठी अक्षरांत इंग्रजी लिहिलेलं, गोल गोल, पाटीवर काढल्यासारखं. महिनाभर पाठ करत होती म्हणे, काजू सोलताना. आणि शमिकाने तिला विचारलं होतं, आजी, मराठीतच बोल ना त्यांच्याबद्दल, तुला चांगलं येतं. तर ती काय म्हणाली असेल? म्हणाली, ‘मराठीत त्यांना मैत्रीण म्हणायला माझी जीभ वळत नाय. बाई ती बाई. इंग्रजीत बरं हाय, तिथे सगळ्यांना यूच.’

— थांब जरा. धूळ गेली डोळ्यात. या स्टँडवर धूळ किती मेली.

हा बघ. पर्समध्येच असतो. वाच तू, मला नको लावू वाचायला. इथून. ‘शी टीच मी ए टू झेड. माय टू डॉटर लर्न. वन डॉटर टीचर, वन डॉटर ग्रामसेवक. व्हेन माय हजबंड डाय, आय कॅन नॉट रीड. नाऊ आय रीड ऑल थिंग. आय हॅव मेनी फ्रेंड इन बचत गट. बट शी इज फर्स्ट.’ एवढंच. बाकी आभार. आता तुला एक सांगते ते कुणाला सांगू नकोस, तू कुणाला सांगणार म्हणा. हा कागद हातात आला तेव्हा मी काय केलं? पेन्सिल घेतली. खरंच घेतली! ‘डॉटर’ — टू आहेत, एस हवा. ‘थिंग’ला हवा. ‘फ्रेंड’ला हवा. तीन ठिकाणी टिंबं केली बघ, ही बघ, फिकट दिसतायत. मग ‘शी इज फर्स्ट’पाशी आले आणि हात थांबला. मग पेन्सिल टाकली खिडकीतून. शेजारच्यांच्या पत्र्यावर पडली, अजून तिथेच आहे.

आणि तू मघाशी विचारलंस ना, साहेबाला का नाही टोकलं. वाईट पोरगा आहेस तू. मी सात महिने तोच प्रश्न चुकवतेय आणि तू एसटी स्टँडवर पाच मिनिटांत विचारलास. त्याचे दोन एस जास्त होते, तुळसाचा एक कमी होता, त्याला मी गिळलं आणि हिला नाही. का? तर — ती ‘फ्रेंड’ म्हणाली ना, तेव्हा वन्संनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं, भुवई एवढीशी वर. आणि माझे कान तापले. म्हणजे मला — मला लाज वाटली रे. तिची नाही. म्हणजे तिचीच. आमच्या शिपायाने भर सभेत माझी बेस्ट फ्रेंड म्हणावं आणि वन्संनी ऐकावं. तोंडातून ‘फ्रेंड्स’ निघालं ते एससाठी नव्हतंच. मला बाईच राहायचं होतं, म्हणून मी बाईसारखी ओरडले. एवढं साधं. व्याकरण आपलं बरं पडतं हाताशी.

आणि आता गंमत ऐक. मी एकदा बसून मोजलं. तिला बचत गटात तीसेक बायका, वाडी आहे, मुली आहेत, तिला तो एस शोभतो, वन ऑफ म्हणायला तिच्याकडे खरंच पुष्कळ आहेत. मी म्हणायला गेले तर? माझ्या शाळेतल्या दोघी गेल्या. ऑफिसातली एक सांगलीला, ती मला ओळखत नाही आता. वन्सं? वन्सं म्हणजे वन्सं. मला वन ऑफ म्हणताच यायचं नाही, वाक्यच बसत नाही. माझं वाक्य तिच्यापेक्षा सोपं आहे, त्याला एस लागतच नाही कुठे.

बरं, हसू नकोस. रडूही नकोस, मेलं काय तोंड केलंयस!

हा डबा? मऊ भात आहे, मेतकूट घालून, आणि थोडं तूप. तिच्यासाठी. आज तिच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढायचाय इथे दवाखान्यात. मला कळवलं नाही तिने, शमिकाने सांगितलं. म्हटलं आपण जाऊन बसावं स्टँडवर. बोलावलेलं नाहीये मला, हे लक्षात घे. काय बोलायचं ते पाठ करून आले होते, अगदी आठ ओळी, मराठीत. आता एक आठवत नाही. ‘मॅडम’ म्हणाली तर मी काय म्हणू? नुसती उभी राहू? डबा पुढे करू? तू काय केलं असतंस? — खांदे उडवू नकोस. बोटीवर कप्तान विचारील तेव्हा असेच उडवणार आहेस का?

लागली. लांजा. ती बघ, तिसऱ्या फलाटाला. शमिका उतरली... तो निळा ड्रेस. आता ती पायरी उंच आहे रे, हिला दिसत नाही नीट — धर गो तिला, दंडाला धर — उतरली. बारीक झाली. मे महिन्यापासून एवढी? पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरायची सवय मात्र... इकडे बघत नाहीये. नाही, तू हाक मारू नकोस. मीच. थांब.

तुळसा! अगो तुळसा! इकडे, बाकावर. मी, यमुना. — हो हो, शमिकाने सांगितलं, तिच्यावर डोळे नको वटारू, आज तर मुळीच नको. — उन्हाचं कसलं, दहा वाजलेत. सावलीतच बसलेय मी. — मॅडम नको म्हणू गो. नको म्हणू. त्या दिवशी मी... नाही, बोलू दे मला, पुन्हा जमायचं नाही. त्या दिवशी मी वन्संकरता ओरडले. तुझं काही चुकलं नव्हतं. माझं चुकलं. सगळं. — बघतेस काय अशी? — हा? हा हेदवीचा विनीत, मघाशीच ओळख झाली, बोटीवर जायचाय. विनीत, ही तुळसा. माझी मैत्रीण.

... काय गो? — दम लागलाय ना? लागणारच, त्या गाडीत हादरे किती. पिशवी दे इकडे. दे म्हणते ना. शमिका, तू रिक्षा बघ जा, पाच मिनिटांनी आण म्हणावं, आजीला घोटभर पाणी पिऊ दे. आणि विनीत, ऊठ रे. ऊठ ऊठ. आटपलं तुझं, जा तिकडे खांबापाशी उभा राहा, जवान माणूस. इथे तिला बसू दे.